सकाळची पेशंट

अंगात येणं, नजर लागणं, करणी... यातलं काहीही घेऊन कोणी माझ्या दवाखान्यात आलं की मी आधी हिमोग्लोबिन तपासते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. पंचवीसेक वर्षं जनरल प्रॅक्टिस करतेय. भुतांपेक्षा रक्ताच्या आणि झोपेच्या कमतरतेने झपाटलेली माणसंच जास्त पाहिली आहेत. या सदरातले अनुभव मी दुपारी डबा खाताना वाचते, करमणूक म्हणून. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसलेय याचा मला जरा वैतागच आलाय. पण गोष्ट डोक्यातून जात नाही, आणि डोक्यात अडगळ साठवायची मला सवय नाही. म्हणून लिहून मोकळी होते. नावं बदलली आहेत.

मी राहते करंजाड्याला. दवाखाना तिथून पुढे उरणच्या अंगाला, एका जुन्या गावठाणात आहे. समोर बावीस मजली टॉवर उभे राहतायत, रस्त्यावर दिवसभर कंटेनरचे ट्रेलर धावतात, टेबल सकाळी पुसलं तरी दुपारपर्यंत त्यावर बोटाने नाव लिहिता येतं. पण कागदोपत्री हा भाग अजून ‘ग्रामीण’ आहे. त्यामुळे एका मेडिकल कॉलेजचे इंटर्न ग्रामीण जनरल प्रॅक्टिस शिकायला माझ्याकडे येतात. एका वेळी एक, दोन आठवड्यांसाठी. नवी मुंबईत रूरल पोस्टिंग म्हटलं की लोक हसतात. येणारी मुलंही हसतच येतात.

खरं सांगायचं तर मला आता या प्रकाराचा कंटाळा आलाय. दर पंधरवड्याला नवा चेहरा, तेच प्रश्न, तेच ‘मॅम, इथे नेटवर्क नाही का?’ शिकवावं आणि हाताशी येईपर्यंत मूल निघून जावं. तरी मी दोन गोष्टी प्रत्येकाच्या गळी उतरवतेच. एक, औषध लिहिण्याआधी पेशंटच्या पोटाला हात लावायचा. दोन, पेशंटची तक्रार मला पेशंटच्याच शब्दांत सांगायची. इंग्रजी करून नाही. ‘जीव खालीवर होतो’ म्हणणारी बाई एक सांगत असते, आणि तुम्ही ‘anxiety’ म्हणालात की ते संपून जातं.

ज्या मुलीची ही गोष्ट आहे ती ईशा. वाशीची, बारावीपर्यंत इंग्लिश मीडियम. घरात मराठी, पण डायनिंग टेबलावर पुरेल एवढंच. मुलगी कामसू, वेळेच्या आधी येणारी. भाषेच्या नावाने मात्र बोंब. पहिल्या दिवशी तिने एका आजोबांना विचारलं, “काका, तुमचा मूत्रविसर्जन कसा आहे?” आजोबा म्हणाले, “पोरी, तो आमच्या वलखीचा नाय.” 

त्या दिवशी मी तिला इथले शब्द सांगितले. कसकस म्हणजे काय, गरगरणं म्हणजे काय, ‘ती बाहेरची आहे’ किंवा ‘बाहेर बसलीय’ म्हणजे पाळी आलीय, गॅलरीत बसलीय असं नाही. ती सगळं मोबाईलमध्ये टाइप करत होती.

तिचा दुसरा आठवडा सुरू होता. मी सकाळी पोचले तेव्हा आमच्या मंदाताई लादी पुसून बादली आत ठेवत होत्या. मंदाताई म्हणजे माझी रिसेप्शनिस्ट, ड्रेसर आणि अधूनमधून बॉस. मी पर्स ठेवते न ठेवते तोच ईशा आत आली.

“मॅम, बाहेर एक पेशंट आहे. यंग फीमेल, शोल्डर पेन, सिन्स मेनी डेज.”

“मेनी म्हणजे किती?”

“ते तिने नाही सांगितलं.”

“मग तू विचारायचं ना. आणि पेशंटच्या शब्दांत सांग म्हटलं होतं मी. पाठव तिला आत.”

ती बाहेर गेली आणि परत आली. “मॅम, ती नाहीये.”

मी उठून पडवीत गेले. पडवीत एक सिमेंटचा बाक आहे, बाकी काही नाही. बाक रिकामा होता. आत येताना मी तिकडे पाहिलं नव्हतं. मंदाताईंना विचारलं.

“कोन बाई? मी हिकरंच होती. कोनी नाय आयलं.”

“ताई, ग्रीन मॅक्सी होती, वरती टॉवेल घेतला होता,” ईशा म्हणाली. “मी बाकावर तिच्या बाजूला बसून बोलले ना!”

“मंग उडून आयली काय? लादी बघ, वली हाय अजून. एक तरी पाऊल दिसतंय?”

लादी खरंच ओली होती. दारापर्यंत माझी पावलं होती, बाकी फक्त ईशाच्या बुटांची. बाकापर्यंत गेलेली आणि परत आलेली. मी ते पाहिलं आणि सोडून दिलं. पहिला विचार हाच की पोरगी मोबाईल बघत बसली होती आणि आता काहीतरी ठोकून देतेय. दुसरा विचार, बाई कंटाळून गेली असेल. तिसऱ्या विचाराला वेळ नव्हता, कारण रिक्षा येऊन थांबली आणि तापाची तीन पोरं एकदम आत आली.

दुपारी गर्दी टिपेला होती. मी आत एका म्हाताऱ्याच्या पायाची जखम साफ करत होते. ईशा पडवीत नवीन पेशंटची माहिती घेत होती. थोड्या वेळाने ती आत आली आणि माझ्या खांद्यामागून सांगायला लागली.

“मॅम, ट्वेंटी-सिक्स इयर फीमेल, दर्शना. सासूबरोबर आलीय. पोटात दुखतंय, तीन दिवस. आज सकाळी घरी चक्कर येऊन पडली. ॲसिडिटीची हिस्ट्री आहे. पिरियड्स चालू आहेत, आज तिसरा दिवस, सो प्रेग्नन्सी रूल्ड आउट. सासू म्हणते सुई मारा आणि सोडा.”

मी म्हाताऱ्याची पट्टी गुंडाळत होते. डोळ्यांत झोप होती, पाठ भरून आली होती. चक्कर, ॲसिडिटी, पाळी चालू. दिवसाला अशा चार येतात. “बीपी घे, ॲसिडिटीचं इंजेक्शन भर, मी बघते,” म्हणाले.

ती गेली नाही. “मॅम, अजून एक. ही सकाळचीच पेशंट आहे.”

“कुठली सकाळची?”

“ती... ग्रीन मॅक्सीवाली. आता साडी नेसलीय, पण तीच आहे. हंड्रेड परसेंट. पण आता ती काहीच बोलत नाही, सगळं सासूच सांगतेय. आणि सकाळी ती खांदा दुखतो म्हणाली होती, आता पोट म्हणतायत.”

“सकाळी नेमकं काय म्हणाली होती? तिचे शब्द सांग.”

ईशाने डोळे मिटले. पाठांतर म्हणताना मुलं करतात तसं. आणि वाशीच्या त्या मुलीच्या तोंडून, तिच्या त्या इंग्रजी वळणाच्या उच्चारात, आगरी वाक्य बाहेर पडलं...

“‘माना दिस गेलेत. निजली की खांदा दुखतंय. घरान सांगू नको.’”

मी चिकटपट्टीचं रीळ खाली ठेवलं.

“दिस गेलेत म्हणजे काय, ईशा?”

“डेज हॅव पास्ड. म्हणजे बरेच दिवस झाले दुखतंय. किती दिवस ते मी विचारलं नाही, सॉरी.”

सगळ्या महाराष्ट्राला कळतं ते या मुलीला कळलेलं नव्हतं. दिवस गेलेत म्हणजे ती गरोदर आहे.

आता जे डॉक्टर नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कधी कधी गर्भ पिशवीत न रुजता बाजूच्या नळीत रुजतो. तो वाढला की नळी फुटते आणि आतल्या आत पोटात रक्त साचतं. आडवं झालं की ते रक्त वर सरकतं आणि दुखतो खांदा. बाई चक्कर येऊन पडते. वरून काही दिसत नाही. ॲसिडिटी म्हणून सुई मारून घरी पाठवली तर बाई घरी मरते, तेही काही तासांत.

मी म्हाताऱ्याला तसाच टाकून बाहेर गेले. दर्शना बाकावर भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरेफटक, कपाळावर घाम. सासू, हिराबाई, तिला पदराने वारा घालत होत्या.

“हिची पाळी कधी आली?” मी विचारलं.

“आता ते माना काय म्हाईत?”

“तुम्हीच सांगितलं ना या डॉक्टरणीला, तीन दिवस झाले म्हणून?”

“मी क्याला सांगू? ती पोरगी ‘मासिक, मासिक’ करीत होती. मी सांगतलं, मासिक नाय गो, तिला बाहेरचं हाय. तीन दिस झाले. अवसेला खाडीच्या खारीवर गेलेली, तवापासून.”

बाहेरचं! भुताखेताचं. ईशा माझ्याकडे बघत होती. मी शिकवलेला शब्द तिने चोख वापरला होता, फक्त भलत्या जागी. भगताकडे न्यायच्या आधी ‘एक सुई मारून घेऊ’ म्हणून त्या बाई सुनेला माझ्याकडे घेऊन आल्या होत्या.

बीपी ऐंशीच्या घरात. पोटाला हात लावला तशी दर्शना कळवळली. मंदाताईंनी तिला धरून बाथरूममध्ये नेलं, लघवीची कार्ड टेस्ट केली. दोन रेघा आल्या. हिराबाईंना दोन वाक्यांत सांगितलं. मी पनवेलच्या हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन थिएटर तयार ठेवायला सांगितलं. ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला की तो ट्रेलरच्या जाममध्ये अडकलाय. मग माझीच गाडी काढली. मागे दर्शना आडवी, तिचं डोकं मंदाताईंच्या मांडीवर, पायाशी अंग चोरून बसलेली ईशा सलाईनची बाटली वर धरून. पुढे माझ्याशेजारी हिराबाई.

उलट्या बाजूने गाडी घातली, त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटत नाही. एका ट्रेलरवाल्याने शिवी दिली. हिराबाईंनी काच खाली करून त्याला त्याहून मोठी दिली. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मॅडम, तुमाला कोनी सांगतलं हिला दिस गेलेत? घरान तं कोनाला म्हाईत नाय. माझ्या पोराला नाय म्हाईत.”

“तीच सांगून गेली सकाळी. या डॉक्टरणीला.”

“सकाली? सकाली ती कवा आयली? सकाली ती मोरीन पडलेली. मी नि शेजारनीनी उचलून हातरुनावर टाकली. हाका मारून मारून घसा सुकला माझा, डोला उघडीना. दुपारी जरा सुधीवर आयली तवा साडी गुंडालली नि रिक्षान घातली.”

“कुठल्या वेळेला पडली?”

त्यांनी सांगितली ती वेळ मंदाताईंच्या लादी पुसण्याची. त्यांचं गाव खाडीकडे आहे, माझ्या दवाखान्यापासून रिक्षाने अर्धा तास.

आरशात मला ईशाचा चेहरा दिसला. बाटली धरलेला हात खाली आला होता. “मॅम...” एवढंच म्हणाली. मी म्हटलं, “हात वर ठेव.” मागून दर्शनाचा आवाज आला, अगदी बारीक. “आई, मी कोनाला नाय सांगतलं. देवाशपथ.” आधी दोन वेळा तिचा गर्भ पडला होता. या वेळी तीन महिने होईपर्यंत तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं तिने ठरवलं होतं. नजर लागू नये म्हणून नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

नळी फुटलेलीच होती. ऑपरेशन झालं, चार बाटल्या रक्त चढलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, “अजून थोडा उशीर झाला असता तर...” हे वाक्य सर्जन मंडळी उठसूट म्हणतात, पण पोट मीही बघितलं होतं. त्या दिवशी ते खरं होतं.

मग मी स्वभावाप्रमाणे चौकशीला लागले. दर्शनासारखी दिसणारी बहीण? बहीण नाही, भाऊ आहेत. शेजारच्या बाईला स्वतंत्रपणे विचारलं. तिनेही मोरीतलंच सांगितलं, वेळ तीच. मग कपडे. हॉस्पिटलमध्ये हिराबाईंनी सुनेच्या कपड्यांची पिशवी आणली होती. मी सहज विचारल्यासारखं केलं, “पडली तेव्हा अंगावर काय होतं?” त्यांनी पिशवीतून मॅक्सी काढून दाखवली. हिरवी. आता हिरवी मॅक्सी आमच्या भागात दर तिसऱ्या घरात दोरीवर वाळत असते, तेव्हा हा काही पुरावा नाही. मी फक्त सांगतेय.

ईशा खोटं बोलत होती का? तिलाही खोदून विचारलं, जरा कडकच. ती रडली, पण शब्द बदलले नाहीत. आणि खोटं बोलायचंच तर माणूस स्वतःला ज्याचा अर्थ कळत नाही असं खोटं कशाला रचेल? वाशीला माझी एक सायकिॲट्रिस्ट मैत्रीण आहे. ती म्हणाली, दुपारी पेशंटचा फिका चेहरा पाहून मुलीच्या सबकॉन्शसने निदान केलं, आणि मेंदूने सकाळची आठवण मागाहून तयार केली. मी म्हटलं, सबकॉन्शसला आगरी बोली येते का? आणि सकाळी खांदा दुखणारी तरुण बाई बाहेर बसलीय असं ती मला सांगायला आली, तेव्हा मी जागी होते, चहासुद्धा झाला होता. मैत्रीण म्हणाली, “मग तू सांग.”

दर्शनाला डिस्चार्ज मिळायच्या आदल्या दिवशी मी तिला बघायला गेले. ईशाचं पोस्टिंग त्याच दिवशी संपत होतं, तीही आली. लिफ्टमध्ये म्हणाली, “मॅम, मला तिला सॉरी म्हणायचंय.”

“कशाबद्दल?”

“तिने घरी सांगू नको म्हटलं होतं. मी तुम्हाला सांगितलं... म्हणजे सासूला कळलंच ना. इट वॉज अ ब्रीच.”

“ती आली नव्हती, ईशा. तिची सासू सांगतेय, शेजारीण सांगतेय.”

“हो मॅम. पण मला म्हणाली होती ना.”

लिफ्ट थांबली, मी पुढे झाले.

दर्शना उशीला टेकून बसली होती. नवरा पायाशी स्टुलावर. तो पोर्टवर ट्रेलर चालवतो. नुसतं पांघरुणाचं टोक मुडपत होता. ईशा पलंगाजवळ गेली आणि तिच्या त्या तुटक्या मराठीत म्हणाली, “सॉरी. तुम्ही मला सांगितलं होतं की घरी सांगू नको. मी सांगून टाकलं.”

मला वाटलं दर्शना गोंधळेल. विचारेल, मी कधी सांगितलं म्हणून. ती गोंधळली नाही.

“बरा केलंस गो,” ती म्हणाली. “नाय तं मी गेली असती.”

मला राहवलं नाही. “दर्शना, त्या सकाळी तू माझ्या दवाखान्यात आली होतीस?”

“नाय मॅडम.”

“मग हिला सांगितलंस कधी?”

तिने विचार केला. खरंच केला, भुवया जवळ आणून. “नाय ना सांगतलं,” म्हणाली. आणि ईशाचा हात तिने स्वतःच्या हातात घेतला होता तो सोडला नाही. दोन्ही वाक्यं तिला एकदम खरी वाटत होती आणि त्यात तिला काही अडचण दिसत नव्हती. अडचण फक्त मला होती.

नवऱ्याने पहिल्यांदाच तोंड उघडलं. “मॅडम, पुढं मूल होल ना हिला?”

“एक नळी काढलीय, दुसरी चांगली आहे. होईल. आधी रक्त वाढवा, सहा महिने थांबा.” मग मी दर्शनाकडे वळले आणि सगळ्या बायकांना सांगते तेच सांगितलं. “आणि पुढच्या वेळी तारीख चुकली की थांबायचं नाही. कोणाला सांगू नकोस हवं तर, पण माझ्याकडे लगेच यायचं. स्वतः यायचं.”

शेवटचे दोन शब्द मी का जोडले ते मलाही कळलं नाही. नवरा मान हलवत होता. दर्शना हसली, हसताना टाके ओढले म्हणून पोटाला हात धरला, आणि म्हणाली, “येन, मॅडम. आता चालत येन.”

ईशा हसली नाही. मीही नाही.